धुऱ्यावरचे ठिपके

लग्नानंतरची सगळी वर्षं आम्ही आठवड्याचे दोन भाग करून जगलो. सोमवारपासून शनिवार दुपारपर्यंत मी अकोल्यात, कॉलेजात भूगोल शिकवायला. तो तेल्हारा तालुक्यातल्या आमच्या गावी, शेतीवर. शनिवारचा शेवटचा तास संपला की मी थेट बस स्टँड गाठायचे. रविवार आमचा. सोमवारी पहिल्या गाडीने परत. नोकरी सोड असं तो कधी म्हणाला नाही, शेती सोडा असं मीही कधी म्हटलं नाही. माझं माहेर अमरावतीचं. तिथल्या माणसांना हा संसार अर्धाच वाटे. मूल नव्हतं, त्यामुळे अधिकच अर्धा वाटत असावा. चारचौघांत मी त्याला अहो म्हणत असे. लिहायला बसले की मात्र ‘तो’ असंच येतं.

तो गेला तो मंगळवार होता, म्हणजे मी अकोल्यात होते. थंडीचे दिवस. सकाळी अंगणात तोंड धुता धुता तो खाली बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी हार्ट सांगितलं. त्या वर्षांत वऱ्हाडात एखादा शेतकरी गेला असं कळलं की लोक पुढचं काही विचारत नसत, नुसता आवाज खाली आणत. मी हार्ट असं सांगे. समोरचा मान हलवी, पण त्याच्या डोळ्यांत असे की बरोबर आहे, असंच सांगावं लागतं. बोंडअळीने कापूस खाल्लेला, गावोगाव तशा बातम्या. लोकांचंही चुकत नव्हतं. काही दिवसांनी मी सांगणं सोडून दिलं.

महिने गेले आणि एका संध्याकाळी, भाजी निवडताना, माझ्या लक्षात आलं की मला त्याचे फक्त रविवार माहीत आहेत. बुधवारी तो कसा होता, गुरुवारी दुपारी कुठे जात होता, यातलं मला काही सांगता येणार नाही. विचारायलाही आता कोणी नव्हतं. पण ते एका ठिकाणी उतरलेलं होतं, आणि ते ठिकाण मला माहीत होतं.

झालं होतं असं. पुण्यातल्या एका संस्थेला खेड्यातल्या जागा लोक प्रत्यक्षात कशा वापरतात हे पाहायचं होतं. नकाशावर रस्ता असतो, पार असतो, पाण्याची टाकी, दवाखाना, शेतं असतात. तिथे कोण किती वेळ असतं, हे नकाशा सांगत नाही. खिशातला मोबाइल मात्र आपण कुठे आहोत ते सारखं नोंदवत असतो. लोकांच्या संमतीने एका हंगामाची ती नोंद घ्यायची, नावं काढून टाकायची, आणि उरलेल्या ठिपक्यांवरून गाव समजून घ्यायचं, असा बेत होता. स्थानिक सहकारी म्हणून त्यांनी मला घेतलं आणि मी आमचंच गाव सुचवलं. संस्थेने भाग घेणाऱ्यांना फोन दिले, सगळे एकसारखे, काळे. फोन पुढे त्यांच्याकडेच राहणार होते, त्यामुळे माणसं मिळायला फार त्रास पडला नाही.

मारुतीच्या देवळात बैठक झाली. पुण्याहून एक तरुण संशोधक आली होती, हुशार आणि मनापासून काम करणारी. तिने आधी थोडे प्रश्न विचारायला घेतले. पहिला प्रश्न होता, तुमचा रोजचा वावर कुठे असतो?

पहिल्याने सांगितलं, नाल्याच्या पलीकडं. दुसरा म्हणाला, दोन ठिकाणी हाय, एक रोडले लागून. तिसरा म्हणाला, होतं, इकलं. ती लिहून घेत होती आणि तिच्या कपाळाला आठ्या पडत चालल्या होत्या. मग आमच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला येणाऱ्या बाईची पाळी आली. तिला स्वतःची जमीन नव्हती. ती म्हणाली, “आमाले कुठचं वावर, बाई?” आणि पुण्याच्या मुलीने तिच्या नावापुढे लिहिलं, वावर नाही.

माझा नवरा मागे खांबाला टेकून बसला होता. त्याला हसू आवरेना. तो म्हणाला, “मॅडम, इकडं वावर म्हंजे शेत. तुमी इचारून राहिल्या का कुठं फिरता, अन् हे सांगून राहिले का जमीन कुठं हाय.” देऊळभर हशा झाला. पुण्याची मुलगीही हसली आणि तिने प्रश्न खोडला. ती बाई मात्र तेवढ्यात म्हणून गेली, “फिरण्याचं इचारता का? मंग सगळ्याइचंच वावर माह्यं.”

मग एका म्हाताऱ्याने शंका काढली, की आपण कुठं बसतो, कुठं उठतो, हे सारं पुण्याले समजन का. लोक आपसात कुजबुजू लागले. हे माझ्या नवऱ्याने ओळखलं असावं, कारण तो सरळ बसला आणि त्याने मला विचारलं. गावासमोर तो मला मुद्दाम मॅडम म्हणे.

“मॅडम, हे ठिपके तुमी मंग काय करता? जपून ठेवता का इकता?”

मी सांगितलं, काम संपलं की मूळ ठिपके पुसून टाकू. अहवालात फक्त बेरीज राहील.

“कोणाचेच नाही ठेवणार?”

“कोणाचेच नाही.”

“ध्यानात ठेवा रे,” तो लोकांना म्हणाला, “बाई शब्द देऊन राहिली.”

आणि पहिला फोन त्यानेच घेतला. त्याच्यामागे इतर आले.

हंगाम संपायच्या आत तो गेला. त्याचा फोन मी बंद करून कपाटात ठेवला. पुण्याला सगळ्यांच्या नोंदी पोचलेल्याच होत्या. पुढे उन्हाळ्यात त्या मुलीने तपासणीसाठी आमच्या गावाच्या नोंदी मला संस्थेच्याच सर्व्हरवर पाहायला उघडून दिल्या, उतरवून घेता येणार नाहीत अशा. नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. पण फोन मीच वाटले होते. त्याचा क्रमांक कोणता, हे मला पाहावं लागलं नाही.

ती फाइल मी लगेच उघडली नाही. सुट्टी लागली, अमरावतीला भावाकडे जाऊन आले, उन्हाळी पेपर तपासून झाले. मग एका सकाळी, कामवाली यायच्या आधी, उघडली.

सोमवार असा होता. घरून चहाच्या टपरीवर. तिथून शेतात. शेताच्या उत्तरेच्या कडेला दिवसभर. संध्याकाळी परत, वाटेत देवळापाशी थोडा वेळ, मग घर. मंगळवारही तसाच होता, बुधवारही. मी एकेक दिवस उघडत गेले, हळूहळू, एका बैठकीत फार नाही. एखाद्या दिवशी तेल्हाऱ्याला, बियाण्याच्या दुकानापाशी. टपरीवर तो माझ्या समजुतीपेक्षा कितीतरी जास्त बसत असे. मला बरं वाटलं. निदान तेवढा वेळ त्याला कोणीतरी बोलायला होतं.

एका दिवशी रेघ खूप लांब गेली होती, वरुड तालुक्यात, शेंदूरजनाघाटपर्यंत. ती पाहताच मी ओळखली. त्याच्या मनात संत्र्याने घर केलं होतं. आमच्याकडे पाणी खारं, झाडं धरायची नाहीत, असं सगळे सांगत होते, तरी एकदा बागा पाहून येऊ म्हणाला. मला दिवाळीची सुट्टी होती, मीही गेले. तो एका बागवानाशी तासभर मातीवरच बोलत राहिला. परत येताना त्याने बसमध्ये संत्री सोलली. झाडं लावणार नाही, असं त्याने मला बडनेऱ्याच्या पुढे कुठेतरी सांगितलं. त्या रेघेत हे काहीच नव्हतं, पण त्या दिवशी फोन त्याच्या खिशात होता. रस्ताभर तो ठिपका म्हणजे तोच होता. त्याच्या शेजारच्या सीटवर मी होते आणि मी कुठेच दिसत नव्हते. माझा फोन अभ्यासात नव्हता.

बाकीचे दिवस तसे नव्हते, हे कळायला मला वेळ लागला. खरं तर कळायला हवं होतं असं काही नाही, ते मला आधीपासून माहीत होतं. फक्त मी ते ठिपक्यांना लावून पाहिलं नव्हतं.

दोन शेतांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. आमच्या उत्तरेच्या धुऱ्यावर एक निंबाचं झाड आहे. शेतात आलं की फडक्यात बांधलेल्या भाकरीची पिशवी, पाण्याची बाटली, अंगावरचा शर्ट, सगळं त्याच्या फांदीला टांगायचं आणि कामाला लागायचं. मोबाइल आले तसे तेही त्याच पिशवीत टांगले जाऊ लागले. बैलांच्या डवऱ्यामागे तण काढत चालताना खिशातला फोन पडतो, घामाने भिजतो, फवारणीच्या औषधात खराब होतो. मी दुपारी कॉलेजातून फोन केला की तो कधीच उचलत नसे. मग जेवायच्या सुट्टीत त्याचाच यायचा आणि कारण ठरलेलं असे, फोन झाडाले होता. मी चिडत असे, की मग फोन कशाला घेतला. तो म्हणे, झाडाले करमत नव्हतं म्हणून.

तेव्हा त्याचे दिवस म्हणून मी जे महिनाभर पाहत होते, ते निंबाचे दिवस होते. तो त्या शेतात या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर चालत होता आणि नोंदीत एका जागी ठिपक्यावर ठिपका पडत होता. रेषा नव्हतीच. बाहेर कामवाली बेल वाजवत होती, त्याआधीही तिने दोनदा वाजवली असावी.

त्याच सुमारास पुण्याहून अहवालाचा कच्चा मसुदा आला. संगणकाने दिवसाचे तुकडे पाडून प्रत्येकाला नाव दिलं होतं: प्रवास, काम, खरेदी, भेटीगाठी. आणि आमच्या गावातल्या शेताशेतांच्या कडेला फिकट निळे डाग होते. त्यांना नाव होतं विश्रांती. मसुद्यात एक वाक्य होतं, की शेतकरी दिवसाचा मोठा भाग शेताच्या सीमेवर विश्रांतीत घालवताना दिसतात आणि शेतीतून मन उडाल्याचं हे लक्षण असू शकेल.

आमच्या धुऱ्यावरही एक निळा डाग होता.

मी त्या मुलीला फोन केला. मला वाटलं होतं माझा आवाज चढेल, पण तो नेहमीपेक्षा हळूच निघाला. मी म्हटलं, फोन झाडाला असतो. तिला आधी समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तिने विचारलं, सगळ्यांचाच? मी म्हटलं, सगळ्यांचाच. ती हसली, मग थांबली. तिला माझ्या घरचं माहीत होतं. म्हणाली, “मॅडम, मी सर्वांत आधी हे बदलते.” तिने बदललंही. पुढच्या मसुद्यात विश्रांती गेली आणि त्या जागी आलं, उपकरण स्थिर. मन उडाल्याचं वाक्य काढलं होतं. मी तो कागद बराच वेळ वाचला. उपकरण स्थिर, हे खरंच होतं. त्याच्यावर कोणाला आवाज खाली आणायची गरज नव्हती.

तरी ती फाइल मला हवी होती. त्यातलं बहुतेक झाडाचं आहे हे कळल्यावरही हवी होती, हे मला सांगायला हवं. टपरीपर्यंतची सकाळची चाल त्याची होती. देवळापाशी थांबणं त्याचं होतं. शेंदूरजनाघाटचा रस्ता त्याचा होता. ही नोंद गेली की त्याचे सोमवार ते शनिवार पृथ्वीवर कुठेच राहणार नव्हते.

आणि एक गोष्ट होती, जी मी कोणाशी बोलले नव्हते. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी त्याचा ठिपका शेतातून घरी आलाच नव्हता. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, मजुरांच्या वस्तीत गेला होता आणि सकाळपर्यंत तिथेच होता. मला संशय आला असं म्हणता येणार नाही. पण तो दिवस मी इतर दिवसांपेक्षा जास्त वेळा उघडला, हे खरं.

दिवाळीनंतर पुण्याहून पत्र आलं. काम पुरं झालं, ठरल्याप्रमाणे सगळ्या मूळ नोंदी आता पुसायच्या. खाली त्या मुलीने स्वतःहून लिहिलं होतं, की नियमाप्रमाणे मृत व्यक्तीची नोंद वारसाला मागता येते, तुम्ही दोन ओळी लिहिल्यात तर सरांची फाइल तुमच्याकडे ठेवते, बाकीच्या पुसते. तिने हे प्रेमाने लिहिलं होतं. मी दोन ओळी लिहिल्या आणि पाठवल्या नाहीत. शब्द मी गावाला दिला होता. कोणाचेच नाही, असं त्याने सगळ्यांसमोर वदवून घेतलं होतं.

शनिवारी मी गावी गेले आणि रविवारी शेतावर. शेत आता माझ्या चुलत दिराकडे बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, होतं. वेचणी चालू होती. निंबाला पिशव्या टांगलेल्या होत्या, ओळीने, प्रत्येकीत जेवण आणि फोन. मी सावलीत बसले. जेवायची सुट्टी झाली तशी बाया आणि दीर येऊन बसले. भाकरी सोडता सोडता मी विषय काढला. म्हटलं, पुण्याचं काम संपलं, ठिपके पुसायचे आहेत. यांचे तेवढे ठेवावेत असं मनात आहे. पण शब्द तुम्हाला दिलेला, म्हणून विचारते.

दीर म्हणाला, “ठेवा ना वैनी. त्याचं ते तुमचंच हाय. इचारता काहून?” मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, “माह्ये मात्र नोका ठेवू. मी टपरीवर किती बसतो ते घरी समजलं तं मले जेवाले भेटणार नाही.”

“घरी कधीचं समजलं हाय,” एक बाई म्हणाली, “तुमी तुमचंच लपून बसून राहिले.”

सगळ्या हसल्या. ती बाई, सगळ्यांचंच वावर माझं म्हणालेली, हसली नाही. तिने मला विचारलं, “त्याइचे कोणते अन् आमचे कोणते, हे कसं समजते तुमाले?”

मी सांगितलं, प्रत्येक फोनला क्रमांक असतो. फोन ज्याचा, ठिपका त्याचा.

“मंग झालं,” ती म्हणाली आणि आता तिलाच हसू आलं. “एकडाव मीच त्याइचा फोन घरी नेला ना. साऱ्याइचे फोन सारखे, फडके सारखे. अंधारून आलं होतं, पाणी सुरू झालं, जे हाताले लागलं ते ओढलं अन् पळालो आमी. माहा फोन तुमच्या घरी अन् त्याइचा माह्या घरी.”

दिराला ते आठवलं. तो म्हणाला, “अन् सकाळीच तो तिच्या दारात. म्हणे, तुह्या पोरगीनं फोन करकरून रात्रभर मले झोपू देल्लं नाही, माय आली का, माय आली का.”

“माही लेक अकोटले बाळंत व्हाची होती,” ती मला समजावून सांगू लागली. “तिचा फोन आला तो त्याइनं उचलला. नात झाली हे मले त्याइनंच येऊन सांगतलं. पेढे नाही तं गूळ तं दे म्हणे.”

मी त्यांच्याबरोबर जेवले. तो पाऊस, तो गूळ आणि ती नात, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. त्याने मला रविवारी सांगितलं असेल आणि मी विसरले असेन, किंवा सांगायचं राहून गेलं असेल. त्या रात्री आमच्या घरात जो ठिपका झोपला, तो या बाईच्या नोंदीत होता. आणि तिच्याकडे झोपलेला त्याच्या नोंदीत. त्याची फाइल म्हणून मी जी घरी आणणार होते, तिच्यात ही होती, आणि तो हिच्यात. तिची पुसायची आणि त्याची ठेवायची म्हणजे नेमकं कोणाचं काय ठेवायचं, हे मला त्या सावलीत बसून कळेना.

बायांनी परत पदर बांधले आणि त्या कापसाच्या ओळीत उभ्या राहिल्या. दिराने विचारलं, मग काय करता वैनी. मी म्हटलं, बघते. तो म्हणाला, आमचं काही म्हणणं नाही. ते मला कळलं होतं. त्यांचं खरोखरच काही म्हणणं नव्हतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी स्टाफरूमच्या बाहेर येऊन पुण्याला फोन लावला. त्या मुलीने आवाज ओळखला. म्हणाली, मॅडम, तुमच्या पत्राचीच वाट पाहतेय, त्यांची फाइल बाजूला काढून ठेवली आहे.

“नको काढू,” मी म्हटलं. “सगळ्यांबरोबरच पुस.”

तिने विचारलं की नक्की ना, कारण नंतर परत आणता येणार नाही. मी म्हटलं, माहीत आहे. तिने विचारलं, आज केलं तर चालेल का. मी म्हटलं, आजच कर.

ती फोन ठेवत नव्हती. मलाही फोन ठेववेना. म्हणून मी तिला विचारलं की पुण्यात थंडी पडली का. ती म्हणाली, अजून नाही. मी म्हटलं, आमच्याकडे पडायला लागली आहे.